अहिल्यादेवींनी पाखरांसाठी शेतं विकत घेतली, पण त्याचा भुर्दंड शेतकऱ्यावर टाकला नाही

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला कधी गेलात, तर दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी देवळाभोवती बाहेरून एक चक्कर मारा. खालचा भाग काळ्या दगडाचा. देवदेवता, हत्ती, नक्षीच्या पट्ट्या, कुठे बोटभर जागा मोकळी नाही. मान वर केली की मात्र कोरीव काम संपतं आणि साधं, पांढरट बांधकाम सुरू होतं. एकाच देवळात दोन काळ दिसतात. खालचा यादवकाळातला. औरंगजेबाच्या काळात देवळाची मोडतोड झाली आणि पुढे अहिल्यादेवी होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला, असं इथे पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं.

आता गंमत बघा. अहिल्यादेवींची राजधानी होती नर्मदेकाठी महेश्वरला. औंढ्याचा मुलूख होता निजामाचा. इथला शेतसारा त्यांच्या खजिन्यात जात नव्हता, इथली रयत त्यांची नव्हती. तरी हे काम आपलं आहे असं त्यांना का वाटलं असेल?

हा प्रश्न आज वेगळ्या रूपात रोज आपल्यासमोर येतो. नदीत सांडपाणी सोडलं तर कोणी थांबवायचं? गावातली जुनी बारव गाळाने बुजली तर उपसायची कोणी? रानडुकरांनी सोयाबीन खाल्लं तर नुकसान कोणाचं? पर्यावरण वाचलं पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत असतं. ते वाचवायचं कोणी आणि कोणाच्या पैशाने, इथे आल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

अहिल्यादेवींच्या काळात पर्यावरण हा शब्द आजच्या अर्थाने कोणी वापरत नव्हतं, त्यामुळे त्यांना पर्यावरणवादी म्हणणं म्हणजे ओढूनताणून केलेली गोष्ट होईल. पण पाणी, वाटा, जनावरं, पाखरं, डोंगरातली माणसं यांची जबाबदारी नेमकी कोणाची, याची घडी त्यांनी बसवली होती. ती कशी, हे समजून घ्यायचं तर त्यांचं आयुष्य बघावं लागेल.

चौंडीची मुलगी

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ चा. गाव चौंडी, तालुका जामखेड. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. सगळा भाग दुष्काळी. पाऊस कमी, विहिरी खोल, आणि उन्हाळ्यात एका घागरीची किंमत काय असते हे घरातल्या बाईला आणि पोरीला सगळ्यात आधी कळतं.

मल्हारराव होळकर हे पेशव्यांचे मोठे सरदार. धनगराच्या घरातून आलेला हा माणूस आपल्या तलवारीच्या जोरावर माळव्याचा सुभेदार झाला होता. १७३३ मध्ये त्यांचा मुलगा खंडेराव यांच्याशी अहिल्यादेवींचं लग्न झालं. तेव्हा त्यांचं वय होतं आठच्या आसपास.

सासरी आल्यावर मल्हाररावांनी सुनेला घरकामात अडकवून ठेवलं नाही. स्वतः बाराही महिने मोहिमेवर असायचे, त्यामुळे मागे महसूल, पत्रव्यवहार, तोफखान्याचा दारूगोळा, सैन्याची रसद अशी कामं हळूहळू सुनेकडे येत गेली. राज्य कसं चालतं हे त्यांनी सासऱ्याच्या हाताखाली काम करत शिकून घेतलं.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे अहिल्यादेवी सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. १७६६ मध्ये खुद्द मल्हारराव गेले. गादीवर बसलेला मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला. तेरा वर्षांत नवरा, सासरा आणि मुलगा.

गादी रिकामी आहे म्हटल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांशी संधान बांधलं. बेत असा की लहान मूल दत्तक घ्यायचं आणि कारभार आपल्या हातात ठेवायचा. राघोबादादा फौज घेऊन निघालेसुद्धा. अहिल्यादेवींनी लढाईची तयारी केली, आजूबाजूच्या मराठा सरदारांना मदतीसाठी कळवलं आणि पुण्यात माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी कौल अहिल्यादेवींच्या बाजूने दिला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आणि राज्याचा कारभार अहिल्यादेवींकडे, अशी वाटणी झाली. राजधानी महेश्वरला आली. तिथून पुढे जवळपास २८ वर्षं त्यांनी राज्य चालवलं.

खासगी म्हणजे काय भानगड?

औंढ्याच्या देवळाचा, काशीच्या घाटाचा, बारवांचा खर्च कुठून आला हे कळायचं तर एक शब्द माहीत पाहिजे. तो म्हणजे खासगी.

होळकरांकडे पैशाचे दोन वेगळे हिशेब होते. एक दौलत, म्हणजे राज्याचा पैसा. त्यातून फौज, किल्ले, अधिकाऱ्यांचे पगार. दुसरी खासगी, म्हणजे घराण्यातल्या स्त्रीच्या नावावर असलेली स्वतंत्र जहागीर आणि तिचं उत्पन्न. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी १७३४ मध्ये अशी जहागीर दिली होती. गौतमाबाईंनंतर ती अहिल्यादेवींकडे आली.

हा पैसा कायद्याने त्यांचा स्वतःचा होता. महाल बांधले असते, दागिने केले असते तरी कोणी विचारलं नसतं. महेश्वरचा त्यांचा राहता वाडा आजही बघायला मिळतो, आणि इतक्या मोठ्या राज्याच्या मानाने तो अगदी साधा आहे. खासगीचा पैसा गेला घाट, विहिरी, बारवा, कुंडं, धर्मशाळा, अन्नछत्रं आणि देवळांकडे. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास बांधून घेतलं. सोमनाथला नवं देऊळ, वेरूळला घृष्णेश्वराजवळचं शिवालय तीर्थ, काशीत घाट, हिमालयात केदारनाथच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि पाण्याचं कुंड. यातली बरीचशी ठिकाणं त्यांच्या राज्याबाहेरची.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. खासगीचा पैसाही शेवटी जहागिरीतल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच येत होता. आभाळातून पडत नव्हता. फरक इतकाच की तो पाण्याच्या आणि वाटसरूंच्या सोयींच्या रूपाने पुन्हा लोकांकडे जात होता, आणि फौजेचा खर्च वाढला म्हणून त्याला कात्री लागत नव्हती. लढाईचे दिवस असले तरी बारवेचा पैसा बारवेलाच. तुकोजी सतत मोहिमांवर असायचे, त्यांना पैशाची चणचण असायची आणि त्यावरून दोघांत कुरबुरीही व्हायच्या. तरी दोन हिशेब वेगळे राहिले.

बांधणं सोपं, सांभाळणं अवघड

बारव ही मराठवाड्यातल्या लोकांना वेगळी सांगायची गरज नाही. पायऱ्या उतरत थेट पाण्यापर्यंत जाता येतं अशी दगडी विहीर. पण ती एकदा बांधली की काम संपलं असं होत नाही. दर पावसाळ्यात गाळ येतो. दगडांच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवतं, त्याची मुळं वाढली की चिरे सरकतात. चार-पाच वर्षं कोणी बघितलं नाही की पाणी घाण होतं, लोक उतरायचं बंद करतात, आणि लोक उतरायचे बंद झाले की तिथे कचरा पडायला लागतो.

अहिल्यादेवींच्या व्यवस्थेत या रोजच्या देखभालीचा विचार होता. दूरदूरच्या तीर्थक्षेत्रांना त्यांच्याकडून दरवर्षी ठरलेली रक्कम जायची. त्यातून तिथला दानधर्म आणि नेहमीचा खर्च चालायचा. म्हणजे वास्तूसोबत तिचं पुढचं बजेटही ठरायचं. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया चालायच्या. पाणपोई हे दर वर्षी पुन्हा उभं करायचं काम आहे. त्यासाठी माणूस नेमावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो.

माणसं टिकवण्याकडेही त्यांचं लक्ष असायचं. गोविंदपंत गानू हे कारभारी त्यांच्या जवळपास सगळ्या कारकिर्दीत त्यांच्यासोबत होते. अधिकारी वारंवार बदलले नाहीत, त्यामुळे कोणत्या कामाचा जाब कोणाला विचारायचा हे स्पष्ट असायचं. त्या स्वतः रोज दरबारात बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, आणि तिथपर्यंत साधा माणूसही पोचू शकायचा.

आज याच्या उलट चित्र दिसतं. तलावाचं सुशोभीकरण होतं, फीत कापली जाते, फोटो पडतात. पुढच्या वर्षी गाळ कोणी काढायचा याचा कागद मात्र सापडत नाही.

पाखरांची शेतं

आता येतो अहिल्यादेवींच्या आयुष्यातला सगळ्यात कमी माहीत असलेला आणि आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा भाग.

१८१८ मध्ये होळकरांचं राज्य इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आलं. जॉन मॅल्कम हा अधिकारी माळव्यात आला आणि अहिल्यादेवींना पाहिलेल्या, त्यांच्याबद्दल ऐकलेल्या लोकांकडून त्याने माहिती गोळा केली. १८२३ मध्ये मध्य भारतावरचं त्याचं पुस्तक आलं. तो होळकरांविरुद्ध लढलेला माणूस. त्यामुळे त्याला त्यांचं कौतुक करायची काही गरज नव्हती, तरीही त्याने भरभरून लिहिलं.

त्याने नोंदवलेल्या गोष्टींपैकी एक अशी. महेश्वरच्या आसपास ऐन उन्हाळ्यात शेतकरी नांगर धरून असायचे. तेव्हा अहिल्यादेवींचा नोकर पाणी घेऊन शेतात यायचा, औत थांबवायचा आणि बैलांना पाणी पाजायचा. नर्मदेतल्या माशांनाही त्यांच्याकडून खाऊ घातलं जायचं.

दुसरी गोष्ट पाखरांची. पीक दाण्यावर आलं की पाखरांचे थवे उतरतात आणि शेतकरी गोफण घेऊन त्यांना हाकलतो. आता राणीला पाखरांची दया आली, तर सगळ्यात सोपा मार्ग काय होता? हुकूम काढायचा, की यापुढे पाखरांना कोणी हाकलायचं नाही. राणीचं पुण्य होईल, खर्च शून्य आणि नुकसान शेतकऱ्याचं.

अहिल्यादेवींनी असं केलं नाही. शेतकरी पाखरं हाकलतो ते बरोबरच आहे, त्याचं घर त्या दाण्यावर चालतं, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी वेगळी शेतं विकत घेतली आणि ती पाखरांसाठी मोकळी सोडली. इथे हाकलायला कोणी नाही. या शेतांवर पाखरांचे थवेच्या थवे बसलेले दिसायचे, असं मॅल्कमने नोंदवलंय.

ही फक्त भूतदयेची गोष्ट आहे असं वाटू शकतं. पण नीट बघितलं तर यात पर्यावरणाच्या जबाबदारीचा एक पक्का नियम आहे. निसर्ग वाचवायची इच्छा ज्याची, खर्च त्याचा. ज्याच्या ताटात आधीच कमी आहे, त्याच्या ताटातून दुसऱ्याचं पुण्य वाढायचं नाही.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. रोही आणि रानडुकरांचे कळप एका रात्रीत पीक झोपवतात. वन्यजीव वाचले पाहिजेत हे कायद्याने ठरवलंय आणि ते योग्यच आहे. वनविभाग नुकसान भरपाईही देतो. पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, कागदपत्रं आणि हेलपाटे आले. तोवर रात्री शेकोटी पेटवून जागरण करायचं ते शेतकऱ्याने. म्हणजे वन्यजीव सगळ्या देशाचे आणि जागरण एकाच्या वाट्याला.

डोंगर ज्याचा, राखण त्याची

होळकरांच्या राज्यात सातपुडा आणि विंध्यातले घाट होते. तिथे भिल्लांची वस्ती. घाटातून जाणारे व्यापारी आणि यात्रेकरू लुटले जायचे. बहुतेक राज्यकर्त्यांचा यावर एकच उपाय असायचा, फौज पाठवायची.

अहिल्यादेवींनी सुरुवातीला समजुतीने घेतलं. ते जमलं नाही तेव्हा कठोर झाल्या, काही म्होरक्यांना मृत्युदंडही दिला. हा भाग लपवायचं कारण नाही. पण त्यानंतर त्यांनी जी तडजोड केली ती महत्त्वाची आहे. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर एक छोटासा कर घ्यायचा भिल्लांचा जुना हक्क होता. त्याला भिलकवडी म्हणायचे. तो त्यांनी मान्य केला. बदल्यात भिल्लांनी वाटा सुरक्षित ठेवायच्या, आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा आणि पडीक जमीन कसायची.

म्हणजे जो तिथे राहतो त्याच्याकडे राखणीचं काम, आणि त्या कामाच्या बदल्यात त्याला हक्काचं उत्पन्न. नुसती जबाबदारी दिली असती तर ती वेठबिगारी झाली असती. नुसता हक्क दिला असता तर वाटसरूंना कोणी वाली उरला नसता.

आपल्या देशाला ही गोष्ट कायद्यात यायला २००६ साल उजाडलं. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने जंगलाशेजारी राहणाऱ्या गावांना सामूहिक वनहक्क दिले आणि त्यासोबत जंगल राखायचा अधिकारही दिला. त्याआधी १५० वर्षं जंगल म्हणजे सरकारी मालमत्ता आणि तिथला आदिवासी म्हणजे अतिक्रमण करणारा, असाच हिशेब होता. हिंगोली जिल्ह्यात आंध समाजाची बरीच गावं आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न आजचा आहे.

तो सातबाऱ्याचा फॉरवर्ड खरा आहे का?

विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकू. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरत असतो. अहिल्यादेवींनी म्हणे शेतकऱ्यांना बारा झाडं लावायला सांगितली, त्यातली सात झाडं शेतकऱ्याची आणि पाच सरकारची, आणि त्यावरून सातबारा हा शब्द आला.

वाचायला भारी वाटतं, पण सातबाऱ्याचं मूळ हे नाही. महसूल खात्याच्या गावपातळीवरच्या हिशेबाचे वेगवेगळे नमुने असतात. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरच्या हक्कांची नोंद आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले म्हणून तो सातबारा.

अहिल्यादेवींचं मोठेपण सांगायला अशा गोष्टी रचायची गरज नाही. जे नोंदवलेलं आहे तेच पुरेसं आहे.

शेवटची वर्षं

बाहेरून राज्य सुरळीत चाललं होतं. इंदूर हे छोटं गाव मोठी बाजारपेठ झालं. महेश्वरला विणकर आणून वसवले गेले आणि तिथला कापड धंदा उभा राहिला. महेश्वरी साडी आजही विकली जाते.

घरात मात्र एकामागून एक मृत्यू होत गेले. नातू नथोबा गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. अहिल्यादेवींनी तिला थांबवायचा खूप प्रयत्न केला. जिला स्वतःला सासऱ्याने चितेपासून परत आणलं होतं, तिला आपल्या मुलीला परत आणता आलं नाही. एका राणीची सत्ता रूढीपुढे कुठे थांबते, हे यात दिसतं.

१३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरला त्यांचं निधन झालं. वय सत्तर. दोन वर्षांत तुकोजीही गेले आणि त्यांच्या मुलांमध्ये गादीवरून लढाया सुरू झाल्या. माळव्यात पुढची वीस वर्षं धुमाकूळ चालला होता. जे एका माणसाच्या दराऱ्यावर उभं होतं ते कोसळलं. जे लिहून, नेमून, वेगळा पैसा काढून ठेवलं होतं, त्यातलं बरंच टिकलं.

खासगीचं पुढे काय झालं?

इथून गोष्ट आजच्या कोर्टापर्यंत येते.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. खासगीच्या मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं काय करायचं हा प्रश्न आला. तोडगा असा निघाला की ते सरकारकडे जाईल आणि अहिल्यादेवींच्या दानधर्माच्या कामांसाठी सरकार दरवर्षी एक ठरावीक रक्कम देईल. १९६२ मध्ये या कामांसाठी खासगी ट्रस्ट तयार झाला. देशभरातली दोनशेहून अधिक देवळं, घाट, धर्मशाळा त्याच्या देखरेखीत आल्या.

यात एक खाच होती. अहिल्यादेवींनी लावून दिलेलं उत्पन्न जमिनीचं होतं, पीक आणि भाव वाढला की ते वाढणारं. ठरावीक रकमेचं तसं नसतं. महागाई वाढत गेली की तेवढ्याच पैशात दरवर्षी कमी काम होतं.

पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटासह काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उभा राहिला. प्रश्न सरळ होता. या मालमत्ता ट्रस्टच्या की सरकारच्या? २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा सार्वजनिक न्यास आहे, त्याची नोंदणी सार्वजनिक न्यास कायद्याखाली झाली पाहिजे आणि त्याच्या व्यवहारांवर कायद्याची देखरेख असली पाहिजे.

दोनशे वर्षांपूर्वी एका बाईने जे आपलं असूनही सगळ्यांचं मानलं, त्यावर नेमका हक्क कोणाचा हे ठरवायला इतकी वर्षं कोर्टकचेरी करावी लागली.

मग कयाधू कोणाची?

आता पुन्हा हिंगोलीत येऊ. कयाधू नदी वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावते. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी करत पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचं नर्सी याच नदीकाठी आहे.

ही नदी कोणाच्या ताब्यात आहे? पाण्याचा विषय जलसंपदा विभागाकडे. वाळूचा महसूल खात्याकडे. शहरातल्या सांडपाण्याची जबाबदारी नगरपरिषदेची. गावांच्या हद्दीत ग्रामपंचायत. पाणी दूषित झालं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. काठावर झाडं असतील तर वनविभाग किंवा सामाजिक वनीकरण. इतकी ऑफिसं, आणि नदीबद्दल तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या ऑफिसचा पत्ता मिळण्याची पुरेपूर सोय.

कायद्यात जबाबदारी कोणाची हे लिहिलेलंच नाही, असं मात्र नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दोन कलमं आली. कलम ४८ अ नुसार पर्यावरणाचं रक्षण हे राज्यसंस्थेचं काम आहे. कलम ५१ अ मध्ये तेच नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांतही आहे. म्हणजे सरकार आणि आपण, दोघंही.

१९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एक पाऊल पुढे टाकलं. हिमाचल प्रदेशातल्या बियास नदीकाठच्या एका रिसॉर्टचं प्रकरण होतं. रिसॉर्ट वाचवायला नदीचा प्रवाह वळवण्याचा उद्योग झाला होता. कोर्टाने तिथे एक तत्त्व मांडलं. नद्या, जंगलं, हवा यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताने मालमत्ता सांभाळायची असते, हवी त्याला देऊन टाकायची नसते. हेच तत्त्व खासगी आणि दौलत वेगळी ठेवताना महेश्वरच्या दरबारात पाळलं जात होतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने तर प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलंय. तुमच्या गावात ही समिती कोणाची आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिच्याकडे किती पैसे आहेत, हे ग्रामसभेत विचारून बघा.

या सगळ्या कायद्यांत जबाबदारी आहे. अहिल्यादेवींच्या व्यवस्थेत जबाबदारीसोबत आणखी तीन गोष्टी होत्या. नेमून दिलेला माणूस. दरवर्षी येणारा पैसा, जो दुसरीकडे वळवता येत नाही. आणि जो रोज राखण करतो किंवा ज्याचं नुकसान होतं, त्याला त्याचा मोबदला.

त्या राणी होत्या, लोकशाहीतल्या नव्हत्या. त्यांच्या मनात आलं म्हणून शेतं विकत घेतली गेली, मनात आलं नसतं तर कोणी जाब विचारू शकलं नसतं. आपल्याला तो अधिकार आहे. त्यामुळे नदी कोणी वाचवायची हा प्रश्न पुढच्या वेळी निघाला की त्याला तीन उपप्रश्न जोडा. माणूस कोण नेमलाय? वर्षाला पैसे किती ठेवलेत? आणि भुर्दंड कोणाला पडतोय? जिथे या तिन्हींची उत्तरं कागदावर सापडत नाहीत, तिथे जबाबदारी सगळ्यांची असते. आणि सगळ्यांची बारव शेवटी गाळाने बुजते, हे आपल्या प्रत्येक गावाने पाहिलंय.